गरोदरपणात रुबेलाचा संशय: निर्णय घेण्यापूर्वी तारखा मांडून पाहा

पुण्यातल्या धायरीत एकत्र कुटुंबात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांचा जन्म १९९७ सालचा आहे आणि त्यांना सध्या नववा आठवडा सुरू आहे. घरातल्या चार वर्षांच्या पुतण्याला बारीक ताप येऊन अंगावर पुरळ उठले आणि जवळच्या डॉक्टरांनी ‘रुबेला असू शकतो’ असे म्हटले. पुरळ उठल्यापासून चौथ्या दिवशी ताईंनी घाबरून ‘टॉर्च’ नावाची, गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी करून घेतली. तीत रुबेलाविरुद्धची आयजीजी (टिकून राहणारी प्रतिपिंडे) ४८, म्हणजे स्पष्ट पॉझिटिव्ह, आणि आयजीएम (सहसा ताज्या संसर्गात दिसणारी प्रतिपिंडे) ‘सीमारेषेवर’ असे आले. नात्यातल्या कोणी तरी ‘कशाला जोखीम घेता, गर्भ ठेवू नका’ असे सुचवले आहे. लहानपणी गोवराची लस दिल्याचे त्यांच्या आईला आठवते, पण रुबेलाचे काही सांगता येत नाही. पुतण्याचा लसीचा दुसरा डोस राहिलेला आहे, आणि घरात गरोदर सून असताना तो द्यावा की नाही, या विचारात सासूबाई आहेत.

मी पुण्यात प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करतो. असा अहवाल हातात घेऊन, रात्रभर न झोपता आलेली जोडपी आमच्याकडे अधूनमधून येत असतात. म्हणून, ताई, सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: या एका अहवालाच्या आधारे गर्भपाताचा निर्णय मुळीच घेऊ नका. तुम्ही दिलेली माहिती नीट मांडली तर ती भीतीपेक्षा धीराच्या बाजूला अधिक झुकते. मात्र दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतील, आणि त्या का घ्यायच्या हे समजले तर पुढचे काही दिवस तुम्हाला सोपे जातील.

तुम्ही विचारले आहे की बाळाला धोका आहे का. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. तुमच्या शरीराची रुबेलाच्या विषाणूशी गाठ दिवस राहण्याच्या पूर्वीच पडलेली होती, की ती गेल्या दोन-अडीच महिन्यांत प्रथमच पडली? पूर्वी पडलेली असेल तर तुमच्या रक्तातले संरक्षण बाळाच्याही कामी येते आणि पुतण्याला काय झाले आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. पुतण्याच्या पुरळाचे निदान, तुमची आयजीजी, तुमची आयजीएम या सगळ्यांचा अर्थ त्या एका प्रश्नाच्या संदर्भातच लावायचा असतो, आणि तो तारखांशिवाय लागत नाही.

या रोगाविषयी एवढी धास्ती का, हे आधी पाहू. मुलांमध्ये रुबेला हा अगदी सौम्य आजार आहे. बारीक ताप येतो, कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला अवधाणाच्या गाठी येतात, चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली उतरणारे गुलाबी पुरळ उठते आणि साधारण तीन दिवसांत मावळते. संसर्ग झालेल्यांपैकी पाव ते निम्म्या लोकांना तर काहीच लक्षण दिसत नाही. प्रौढ स्त्रियांना सांधेदुखीचा त्रास बऱ्याचदा होतो, पण तोही सहसा निघून जातो. रोगाचे खरे लक्ष्य पोटातले बाळ असते, हे १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले. जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे त्यांच्याकडे एकामागून एक येऊ लागली, तेव्हा त्यांनी मातांची चौकशी केली आणि त्यांतल्या बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचे निष्पन्न झाले. तोवर क्षुल्लक समजला गेलेला हा आजार त्यानंतर वैद्यकशास्त्राने गंभीरपणे घेतला.

पहिल्या १२ आठवड्यांत आईला प्रथमच संसर्ग झाला तर बाळात दोष राहण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. तेराव्या ते सोळाव्या आठवड्यात ती सुमारे निम्म्यावर येते, आणि विसाव्या आठवड्यानंतर व्यंग क्वचितच आढळते. दोष सहसा तीन ठिकाणी दिसतात: डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात जन्मानंतर बंद व्हायला हवी ती रक्तवाहिनी उघडी राहणे, आणि कानांत बहिरेपणा. यांपैकी बहिरेपणा सर्वाधिक आढळतो आणि तो सोनोग्राफीत दिसत नाही. मेंदूची वाढ खुंटणे, यकृत व प्लीहा मोठे होणे हेही होऊ शकते. विषाणू आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात जातो, आणि बाळाचे अवयव घडत असतानाच तो पेशींची वाढ अडवतो. म्हणूनच आठवडा इतका महत्त्वाचा ठरतो. तुमचा नववा आठवडा याच नाजूक काळात येतो, त्यामुळे तुमची काळजी अस्थानी नाही. पण हे सर्व आकडे पहिल्यांदाच संसर्ग होणाऱ्या आईचे आहेत, हे वाक्य कृपया दोनदा वाचा.

आता तुमच्या तारखा मांडू. रुबेलाचा रुग्ण पुरळ उठण्याच्या साधारण सात दिवस आधीपासून ते उठल्यानंतर सात दिवसांपर्यंत इतरांना संसर्ग देऊ शकतो. तुम्ही एकाच घरात राहता, म्हणून सर्वांत वाईट शक्यता धरू आणि पुतण्याकडून विषाणू तुमच्याकडे त्या पहिल्याच दिवशी आला असे मानू. पुरळाच्या चौथ्या दिवशी तुम्ही रक्त दिले, म्हणजे संपर्क होऊन जास्तीत जास्त अकरा दिवस झाले होते. विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला १२ ते २३ दिवस लागतात, बहुतेकदा दोन आठवडे ते अठरा दिवस. आयजीएम आणि आयजीजी ही दोन्ही प्रतिपिंडे साधारणपणे पुरळ उठण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर रक्तात दिसू लागतात. त्यामुळे अकराव्या दिवशी ४८ इतकी आयजीजी या संपर्कातून तयार होणे शक्य नाही. ती त्याआधीची आहे. बहुतेक प्रयोगशाळा १० किंवा त्याहून अधिक पातळी संरक्षक मानतात. पुतण्याला रुबेला असलाच, तरी तो आजार घरात येण्यापूर्वी तुमच्याकडे प्रतिपिंडे होती, असा याचा अर्थ निघतो.

मग आयजीएमचे काय? हीच तपासणी सर्वाधिक घोटाळा करते. आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग, असे सरधोपट समीकरण लोकांच्या मनात बसले आहे, पण गरोदर स्त्रीमध्ये कमी पातळीची किंवा सीमारेषेवरची आयजीएम दुसऱ्याच कारणांनी येताना दिसते. पार्व्होव्हायरससारखे दुसरे विषाणू, संधिवाताशी संबंधित घटक, कधीकधी नुसते गरोदरपणच; आणि काही व्यक्तींमध्ये जुन्या संसर्गानंतर किंवा लसीनंतरही आयजीएम बराच काळ रेंगाळते. रोग विरळ असतो तिथे अशा चुकीच्या पॉझिटिव्ह अहवालांचे प्रमाण खऱ्यांच्या तुलनेत वाढते. म्हणून कोणतेही लक्षण किंवा संपर्क नसताना प्रत्येक गरोदर बाईची टॉर्च तपासणी करण्याच्या प्रथेला माझा स्पष्ट विरोध आहे. तिच्यातून अतिशय थोडी उपयुक्त माहिती मिळते आणि चांगल्या गर्भाविषयी विनाकारण शंका उभ्या राहतात. तुमच्या बाबतीत संपर्काचा संशय होता, म्हणून रुबेलापुरती तपासणी करणे योग्यच होते. बाकीच्या रोगांचे अहवाल मात्र बाजूला ठेवा.

आता यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवे. तुमच्या तारखांवरून एवढेच सिद्ध होते की प्रतिपिंडे पुतण्याकडून आलेली नाहीत. ती वर्षांपूर्वीची आहेत की अलीकडच्या काही आठवड्यांतली, हे त्यांवरून ठरत नाही. पुतण्याला बाहेरून कुणाकडून संसर्ग झाला असेल आणि तीच व्यक्ती त्याआधी तुमच्याही संपर्कात आली असेल, उदाहरणार्थ एखाद्या मुंजीत किंवा लग्नात, तर तुम्हाला लक्षणांविना संसर्ग होऊन गेला असण्याची थोडी शक्यता उरते. शेवटच्या पाळीच्या थोडे आधीपासून आजवर तुम्हाला स्वतःला ताप, पुरळ, बोटांचे किंवा मनगटाचे सांधे दुखणे, मानेमागे गाठी असे काही झाले होते का, हे शांतपणे आठवा आणि तुमच्या डॉक्टरांना तारखेसह सांगा. काहीच झाले नसेल तर ती शक्यता आणखी कमी होते, पण शून्य होत नाही, कारण रुबेला गुपचूपही होतो.

हा धागा तोडण्यासाठी दोन तपासण्या आहेत. पहिलीला आयजीजी अ‍ॅव्हिडिटी म्हणतात. संसर्ग नवा असताना प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड सैल असते आणि महिने जातात तशी ती घट्ट होत जाते. पकड घट्ट आली तर संसर्ग किंवा लस साधारण तीन महिन्यांपेक्षा जुनी आहे असे समजतात, आणि नवव्या आठवड्यात तसा अहवाल आला म्हणजे तो प्रसंग गर्भधारणेच्या आधीचा ठरतो. म्हणूनच ही तपासणी लवकर करावी, कारण विसाव्या आठवड्यात तीच घट्ट पकड दिसली तर तिच्यावरून सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल काही सांगता येणार नाही. दुसरी तपासणी म्हणजे पहिल्या नमुन्यानंतर दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त देऊन आयजीजी आणि आयजीएम पाहणे. हे त्याच प्रयोगशाळेत आणि शक्य असेल तर पहिल्या नमुन्यासोबत एकाच वेळी करून घ्यावे, कारण वेगवेगळ्या यंत्रांवरच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेला आजच फोन करून पहिला नमुना टाकून देऊ नये अशी विनंती करा. आयजीजी तिथल्या तिथे राहिली आणि आयजीएमही वाढली नाही, तर आम्ही हा विषय बंद करतो. गरोदरपणाची नोंद करताना पहिल्या भेटीत तुमचे रक्त घेतले गेले असेल आणि त्यातला थोडा भाग कुठे शिल्लक असेल, तर त्यात आयजीजी सापडणे हा आणखी एक भक्कम पुरावा ठरेल.

तुमच्यापुरते सांगायचे तर आयजीजी जुनी असण्याचीच शक्यता मोठी आहे, आयजीएम बहुधा दिशाभूल करणारी आहे, आणि अ‍ॅव्हिडिटी व दुसरा नमुना यांनी ते पक्के करायचे आहे. तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही विशिष्ट परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. हे मी तुम्हाला त्या वाटेने जाण्यासाठी सांगत नाही. ‘आत्ताच ठरवा, नंतर उशीर होईल’ असा जो दबाव नात्यातून येतो आहे, तो खरा नाही, हे तुम्हाला कळावे म्हणून सांगतो.

समजा, दोन्ही तपासण्या ताज्या संसर्गाकडे बोट दाखवू लागल्या, तर काय? तशी वेळ आली तर गर्भवैद्यक तज्ज्ञांकडे जावे. संसर्ग बाळापर्यंत पोहोचला का, हे अठराव्या आठवड्यानंतर आणि संसर्गाला किमान सहा आठवडे उलटल्यावर गर्भजल काढून त्यातल्या विषाणूच्या तपासणीने बऱ्याच अंशी कळू शकते, आणि सोनोग्राफीत हृदय, डोळे, डोक्याची वाढ पाहता येते. मात्र नितळ सोनोग्राफी बहिरेपणा नाकारत नाही, हे कुटुंबाला आधीच सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. संसर्ग झाल्यावर तो परतवून लावणारे औषध नाही; इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या, इंजेक्शनने बाळ वाचते अशी खात्री देता येत नाही. त्यामुळे सगळी भिस्त आधीच्या लसीवर आहे.

इथे तुमच्या आईला आठवणाऱ्या लसीकडे येतो. तुमच्या लहानपणी सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यात दिली जात होती ती फक्त गोवराची लस. तिच्यात रुबेला नव्हता. लसीतून रुबेलाचे संरक्षण तेव्हा फक्त खासगी दवाखान्यात एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) घेणाऱ्यांना मिळत असे. गोवर-रुबेला म्हणजे एमआर लसीची मोहीम देशात फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये आली आणि ९ महिने ते १५ वर्षांखालील मुलामुलींना शाळांतून लस दिली गेली. म्हणजे साधारण २००३ च्या अखेरीपूर्वी जन्मलेल्या मुली त्या मोहिमेतून वयामुळेच सुटल्या, आणि आज पुण्यात लग्न होऊन संसाराची आखणी करणाऱ्या बहुतेक मुली त्याच वयाच्या आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळजणींना बालपणी रुबेला होऊन गेलेला असतो, पण सगळ्यांना नाही, आणि कोणाला झाला नाही हे नुसते बघून सांगता येत नाही. ‘लहानपणी पुरळ आले होते’ ही आठवणही पुरावा होऊ शकत नाही, कारण गोवर, पार्व्होव्हायरस, डेंग्यू, कितीतरी आजारांत पुरळ येते.

पुतण्याच्या बाबतीतही तोच न्याय लावा. पावसाळ्यानंतरच्या पुण्यात ताप आणि पुरळ म्हणजे रुबेलाच असे नाही. ताप आणि पुरळ आलेल्या प्रत्येक मुलाची नोंद गोवर-रुबेला देखरेखीसाठी आरोग्य यंत्रणेकडे व्हायला हवी, म्हणून डॉक्टरांना महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवण्यास सांगा. पुरळ उठल्यानंतर चार-पाच दिवसांनी घेतलेल्या रक्तात आयजीएम अधिक खात्रीने सापडते. निदान लागले तर तुमच्याही तपासणीचा अर्थ लावणे सोपे होईल, आणि शेजारच्या एखाद्या गरोदर बाईला वेळेवर सावध करता येईल. पुरळ उठल्यापासून सात दिवस त्याला अंगणवाडीत किंवा बालवाडीत पाठवू नये.

आता सासूबाईंची शंका. त्या सुनेच्या काळजीपोटी थांबल्या आहेत, पण इथे थांबण्यातच धोका आहे. लस घेतलेल्या मुलाकडून लसीतला दुबळा विषाणू घरातल्या गरोदर स्त्रीला लागत नाही. जगभरात गरोदर बायकांच्या घरातल्या मुलांना ही लस नेहमी दिली जाते. उलट लस न घेतलेले मूल बाहेरचा खरा विषाणू घरात आणू शकते. त्यामुळे पुतण्याचा ताप उतरून तो बरा झाला की माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात जा. नियमित वेळापत्रकात एमआरचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो, पण राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो आणि तो विनामूल्य आहे. पुरळ रुबेलाचेच होते असे पुढे सिद्ध झाले तरी डोस चुकवू नये, कारण त्याच लसीत गोवरही आहे. ही लस बनवणारी मोठी संस्था, सीरम इन्स्टिट्यूट, याच शहरात हडपसरला आहे, आणि इथली लस देशोदेशींच्या मुलांना मिळते. त्याच शहरातल्या घरात एक डोस शंकेपायी राहून जावा, याचे मला फार वाईट वाटते.

मुलग्यांना ही लस कशासाठी, असेही विचारले जाते. रुबेला सहसा मुलांमधून फिरतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक न रोखलेला संसर्ग कुठल्या तरी गरोदर आईपर्यंत जाऊ शकतो. अर्धवट लसीकरण तर त्याहून घातक. ग्रीसमध्ये १९७५ च्या सुमारास लस आली, पण ती फार थोड्या मुलांना मिळत राहिली. विषाणूचे फिरणे कमी झाले, पण थांबले नाही; त्यामुळे पुष्कळ मुली संसर्ग न होताच मोठ्या झाल्या, आणि १९९३ मध्ये साथ आली तेव्हा ती तरुण स्त्रियांत पसरून जन्मजात रुबेलाची बाळे जन्माला आली. म्हणूनच लस सुरू करणाऱ्या देशाने किमान ८० टक्के मुलांपर्यंत ती पोहोचवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिका खंडांतले सगळे देश २०१५ मध्ये रुबेलामुक्त जाहीर झाले, ते प्रत्येक मुलामुलीला लस पोहोचवूनच.

तुमच्या घरातल्या, ओळखीतल्या ज्या मुली अजून गरोदर नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. लग्न ठरल्यावर किंवा मूल होण्याचा विचार सुरू झाल्यावर लसीची लेखी नोंद शोधा. नोंद नसेल तर रुबेला आयजीजी करून घ्या, किंवा तपासणी न करता सरळ एमएमआरचा डोस घ्या. आधीच संरक्षण असलेल्या व्यक्तीला आणखी एक डोस दिल्याने अपाय होत नाही. डोसच्या दिवशी गर्भधारणा नसावी आणि पुढचा एक महिना ती टाळावी. चुकून त्या महिन्यात दिवस राहिलेच, तर घाबरू नये. अशा हजारो स्त्रियांवर लक्ष ठेवले गेले आहे आणि लसीमुळे जन्मजात रुबेलाचे मूल जन्मल्याचे आढळलेले नाही, त्यामुळे तेवढ्या कारणासाठी गर्भपात करू नये.

आणि ताई, तुम्हाला स्वतःला गरोदरपणात ही लस घेता येणार नाही, पण दुसऱ्या नमुन्यानंतरही आयजीजीविषयी शंका उरली, तर बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी जाण्यापूर्वीच एमएमआरचा डोस मागून घ्या. स्तनपान करताना तो घेता येतो. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असून तुम्हाला अँटी-डी इंजेक्शन दिले गेले असेल, किंवा बाळंतपणात रक्त चढवावे लागले असेल, तरीही लस पुढे ढकलू नका. फक्त तीन महिन्यांनी आयजीजी करून ती लागू पडली का, ते पाहा, आणि तो अहवाल बाळाच्या कार्डासोबत जपून ठेवा.